बाईंची दोनशे चौदा पुस्तकं

जिन्याखाली दुकान थाटायचं तर माणूस बुटका तरी हवा, नाहीतर नम्र तरी. स्क्रूमामा दोन्ही नव्हते. त्यामुळे बावीस वर्षांत त्यांच्या कपाळावर एक कायमचं टेंगूळ आलं होतं. शर्टाच्या खिशात सदैव छोटा स्क्रूड्रायव्हर, म्हणून गल्लीनं त्यांचं हे नाव पाडलं. बायको म्हणायची, "नाव बरोबर ठेवलंय, फक्त तो ढिला आहे हे सांगायचं राहून गेलं."

मामा जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. नवे त्यांच्याकडे येतच नसत आणि जुने दिवसेंदिवस कमी होत चालले होते. लोक हल्ली दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात. मामांना त्याचा भयंकर राग. कुणी "याच्यात आता काही दम नाही हो" म्हणालं, की ते त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघत आणि म्हणत, "तुमच्यात आहे का?" असं बोलल्यावर गिऱ्हाईक टिकतं थोडंच!

टेबलावरच्या भिंतीवर त्यांनी जाड अक्षरांत एक नियम चिकटवला होता: गिऱ्हाइकाच्या कॉपीवर विश्वास ठेवू नये. म्हणजे असं, की गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगतं, सगळ्याची कॉपी काढून ठेवलीय, बिनधास्त पुसा. आणि पुसलं की दुसऱ्या दिवशी लग्नाच्या फोटोंसाठी दारात येऊन रडतं. म्हणून पुसण्याआधी मामा प्रत्येकाची डिस्क गुपचूप आपल्या डिस्कवर उतरवून ठेवत. बावीस वर्षांत हा नियम त्यांनी एकदाच मोडला, तो बाईंसाठी.

बाई म्हणजे त्यांच्या टायपिंगच्या बाई. विशीतले मामा नोकरीच्या आशेनं त्यांच्या क्लासला जात. बाईंची एक तऱ्हा होती. "सराव केलास?" असं त्या विचारायच्या आणि "केला" म्हटलं की पुढच्या धड्याकडे वळायच्या. वही मागायच्या नाहीत, बोटं बघायच्या नाहीत. म्हणायच्या, "तू सांगितलंस म्हणजे झालं." मामांनी एकदा न करताच "केला" म्हणून सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि पान उलटलं. त्या मान हलवण्यानं मामा असे मेल्याहून मेल्यासारखे झाले, की त्यानंतर जगाशी ते हवं तेवढं खोटं बोलले, पण बाईंशी कधी नाही.

क्लास बंद पडला तशा बाई ब्रेलकडे वळल्या. अंध मुलांच्या शाळेसाठी त्या पुस्तकं टाइप करून द्यायच्या. छापील पुस्तक डाव्या हाताला, कीबोर्ड समोर, आणि शेजारी तो ब्रेलचा प्रिंटर. तो कागदावर ठिपके ठोकायला लागला, की खालच्या मजल्यावरचे लोक झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचे. अकरा वर्षं हे चाललं होतं. आणि ब्रेलचं असं असतं, की बोटं फिरून फिरून ठिपके सपाट होतात. जे पुस्तक मुलांना जास्त आवडतं, ते आधी मरतं. मग शाळेतून निरोप येई आणि बाई ते पुन्हा छापून देत. त्यामुळे खरी पुस्तकं शाळेच्या कपाटात नव्हतीच, ती बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये होती.

एका सोमवारी बाई रिक्षातून तो कॉम्प्युटर, प्रिंटर आणि एक पिशवी घेऊन दुकानाशी उतरल्या. चौऱ्याहत्तर वय, काठी, आणि मान जरा तिरपी. समोरच्याकडे त्या हल्ली कडेनं बघायच्या.

"अरे, मला सरळ बघितलं की मधे धूर दिसतो," त्यांनी सांगितलं. "डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, हा धूर वाढतच जाणार. वर्षभर म्हणाले, फार तर. म्हणून घाई आहे."

घाई कशाची ते त्यांनी नीट समजावलं. अंधांसाठीचं एक मोठं ग्रंथालय होतं. ते बाईंची सगळी पुस्तकं आपल्याकडे ठेवून घ्यायला तयार होतं. मग बाई असोत नसोत, जगातली कुठलीही शाळा ती छापून घेऊ शकणार होती. पण त्यांची साइट बाईंच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडेचना. सिस्टिम अपग्रेड करा, असा एकच धोशा. आणि मुदत महिनाअखेरची.

"एवढं झालं की मी सुटले," बाई म्हणाल्या. "पुन्हा काही हे हातून व्हायचं नाही."

मामांनी खुर्ची पुसून दिली. "बाई, शुक्रवारी येऊन घेऊन जा."

मंगळवारी अपग्रेड सुरू केलं. बासष्ट टक्क्यांवर जाऊन ते थांबलं, तासभर विचार केला आणि पडद्यावर आलं: केलेले बदल मागे घेत आहोत. मामांनी जागा मोकळी केली. पुन्हा बासष्ट. वायरी, प्रिंटर, सगळं काढलं. बासष्ट. मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरानं घासल्या, कारण अर्ध्या आजारांवर तोच उतारा असतो. बासष्टच. मग लक्षात आलं, की आतली गोल बॅटरी मेलेली असल्यानं कॉम्प्युटर प्रत्येक वेळी स्वतःला पंधरा वर्षांनी तरुण समजतोय. बॅटरी बदलली, तारीख ताळ्यावर आली आणि गाडी एकाहत्तरपर्यंत पोचली. मामांनी चहा मागवला. चहा येईस्तोवर बदल मागे घेतले गेले होते.

बुधवारी त्यांनी हात टेकले. जुन्यावर नवं चढत नव्हतं. आता डिस्क धुऊनपुसून कोरी करायची आणि नवी सिस्टिम मुळापासून टाकायची. त्यांनी बाईंना फोन केला.

"बाई, सगळं पुसावं लागेल. कॉपी आहे ना?"

"आहे म्हणजे काय? दर शनिवारी काढते. पेनड्राइव्ह मी तुझ्याकडे ठेवलेल्या पिशवीत घातलाय बघ, चष्म्याच्या डबीत." मग त्या हसल्या. "काय जादू आहे रे त्याच्यात. दोनशे चौदा पुस्तकं घातली, तरी मेला रिकामा तो रिकामाच दाखवतो."

मामाही हसले. "हल्ली मोठे येतात, बाई."

हे वाक्य त्यांना पुढे जन्मभर पुरणार होतं.

डबी समोरच होती, हातभर अंतरावर. आत पेनड्राइव्ह आणि घडी घातलेले दोन-चार कागद. कागदांवर अकरा वर्षांतल्या शनिवारांच्या तारखा, प्रत्येकीपुढे बारीक बरोबरची खूण. आजारपणातला एक शनिवार चुकला होता, तिथे बाईंनी स्वतःलाच लाल फुली मारली होती. अशा माणसाचा पेनड्राइव्ह उघडून बघायचा? मामांना ते बाईंची वही तपासण्यासारखं वाटलं. भिंतीवरचा नियम त्यांच्या डोक्यावरच होता, पण तो गिऱ्हाइकांसाठी. बाईंनी सांगितलं म्हणजे झालं.

बरं, इतरांची डिस्क ते पाच मिनिटांत वरवर पुसत. तसं पुसलेलं निदान खरवडून परत काढता येतं. पण काम बाईंचं. डिस्क जुनी, कुठे खराब जागा असली तर आत्ताच कळावी, म्हणून मामांनी कोपरान् कोपरा धुणारा पूर्ण फॉरमॅट लावला. साडेतीन तास लागले. एवढ्या निगुतीनं त्यांनी आयुष्यात दुसरी डिस्क पुसली नव्हती.

गुरुवारी तर कमालच झाली. नवी सिस्टिम झोकात सुरू झाली. ब्रेलचा प्रिंटर तिला ओळखत नव्हता. मामांनी जुना ड्रायव्हर कुठूनसा हुडकला, जोडणी बदलली, सात वेळा तोंडावर आपटले आणि आठव्या खेपेला प्रिंटर धडधडला. जिन्यावरून जाणारा माणूस दचकला. चाचणीचा कागद बाहेर आला, करकरीत ठिपक्यांचा. मामा एकटेच "वा रे पठ्ठ्या!" म्हणून ओरडले.

मग त्यांनी पेनड्राइव्ह लावला. दोनशे चौदा चित्रं आली, प्रत्येकाखाली एकेका पुस्तकाचं नाव. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण होता.

मामा त्या बाणाकडे बघत राहिले. पहिल्या चित्रावर त्यांनी क्लिक केलं. हे ज्याकडे बोट दाखवतं, ते सापडत नाही, असं पडद्यावर आलं. दुसऱ्यावर तेच, विसाव्यावर तेच. ती पुस्तकं नव्हतीच. ते पुस्तकांचे शॉर्टकट होते, म्हणजे नुसते पत्ते. आणि त्या पत्त्यांवरचं घर मामांनी काल साडेतीन तास लावून जमीनदोस्त केलं होतं.

हे पत्ते बाईंना कुणी दिले होते? अकरा वर्षांपूर्वी मामांनीच कॉम्प्युटर बसवून दिला होता. बाईंच्या हातून चुकून काही खोडलं जाऊ नये, म्हणून खरी पुस्तकं त्यांनी आत कुठेतरी लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली. नवं पुस्तक सेव्ह केलं की त्याचं चित्र आपोआप पडद्यावर यावं, अशी सोय केली. स्वतःच्या हुशारीवर तेव्हा ते खूशही झाले होते. "बाई, हे चित्र म्हणजेच पुस्तक. दुसरीकडे कुठे बघायचंच नाही." आणि बाईंनी तेव्हा विचारलंही होतं, "हा बाण कसला रे?"

"काही नाही बाई. तो असतोच. तिकडे लक्ष देऊ नका."

बाईंनी दिलं नाही. मामांनी सांगितलं म्हणजे झालं. त्या दर शनिवारी चित्रं उचलून पेनड्राइव्हवर ठेवत राहिल्या, आणि कागदांवर खुणा करत राहिल्या.

गुरुवारची दुपार आणि शुक्रवारची सकाळ मामा डिस्क खरवडत बसले. हरवलेलं शोधणारी तीन सॉफ्टवेअर लावली. तिघांनी मिळून काल टाकलेल्या सिस्टिमचे तुकडे दाखवले आणि बाकी सगळीकडे शून्यं. बाईंसाठी म्हणून केलेला तो पूर्ण फॉरमॅट कोपरान् कोपरा शून्यं लिहीत गेला होता, आणि कुठेही चुकला नव्हता.

जेवायला घरी गेले. बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, डिस्कच मेली म्हणून सांगा," ती म्हणाली. "जुनी होतीच. त्या काय उघडून बघणार आहेत?"

"नाही बघणार."

"मग? त्यांना तरी कशाला जास्तीचा त्रास?"

मामांनी पाणी पिऊन पेला ठेवला. बायकोचं चूक नव्हतं. बाई नक्की मान हलवणार होत्या, पान उलटणार होत्या. दुकानाकडे जाताना सगळा रस्ता त्यांनी ते वाक्य मनात घोकलं. बाई, डिस्क मेली. किती सोपं होतं ते!

बाई आधीच येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर पेढीवरच्या कारकुनासारखी दुसरी पिशवी, आणि चेहऱ्यावर परीक्षा संपलेल्या मुलीची खुशी.

"झालं?"

"कॉम्प्युटर झाला," मामा म्हणाले. बाईंची तिरपी मान बघून घोकलेलं वाक्य त्यांनी सोडून दिलं. "पुस्तकं गेली, बाई. मी पुसली. पेनड्राइव्हवर पुस्तकं नाहीत, नुसती चित्रं आहेत. तो बाण असतो ना, त्याचा अर्थच तो. तुम्ही विचारलं होतंत. मी सांगितलं, लक्ष देऊ नका. आणि परवा पुसायच्या आधी मी उघडून बघितलं नाही."

"का नाही बघितलंस?"

"तुम्ही म्हणालात कॉपी आहे."

जिन्यावरून कुणीतरी धाडधाड उतरलं, त्याला वाट द्यायला बाईंनी काठी जवळ ओढली.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"परत येण्यासारखी?"

"नाही, बाई. सगळं करून बघितलं."

मामा वाट बघत होते. बाईंनी आता शिव्या घालाव्यात, काठी उगारावी, काहीही करावं. नाहीतर तीच जुनी मान हलवावी आणि निघून जावं. त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

बाई काठीवर भार देऊन उठल्या. वाकून आत आल्या. "खुर्ची पडद्याजवळ सरकव," त्या म्हणाल्या. "आणि मला दाखव."

मामांनी खुर्ची सरकवली. बाईंनी मान तिरपी करून पडद्याला जवळजवळ गाल लावला. माउस चाचपून हातात घेतला. पहिल्या चित्रापाशी नेला.

"हे कुठलं?"

"सहावीचा भूगोल."

बाईंनी क्लिक केलं. "काय आलं?"

"सापडत नाही, बाई."

त्या पुढच्या चित्राकडे सरकल्या. "हे?"

"बुद्धिबळाचे डाव."

"काय आलं?"

"नाही, बाई."

"हे?"

"समुद्रातले मासे."

त्यांनी आयुष्यात कधी कुणाची वही मागितली नव्हती. आज त्या एकेक करत सगळी दोनशे चौदा बघणार होत्या, हे मामांना चौथ्या चित्राला कळलं. ते हात बांधून खुर्चीशेजारी उभे राहिले. बाईंनी बस म्हटलं नाही. बाई विचारत होत्या आणि ते एकेका पुस्तकाचं नाव सांगून "नाही" म्हणत होते.