कामचोराची पाटी

मॅनेजरनं थोबाडीत मारली तशी मी सळयांच्या ढिगावर तोंडघशी पडले. ओठ फाटला. रक्त गिळलं. साइटवरची सकाळची मीटिंग चालू होती, सगळ्या टोळ्या रांगेत उभ्या. कुणी हललं नाही.

माझा गुन्हा ऐका. जोयड्याहून उळवीला जाणाऱ्या वाटेवर ओढ्यावर पूल बांधायचं काम. आदल्या दिवशी आमच्या टोळीचं दगड भरणं लवकर उरकलं. शेजारची टोळी मागं पडली होती, तिच्यात एक ओली बाळंतीण. मी आमच्या बायका घेऊन तिकडं गेले, हात लावला. आमच्या डोंगरात भाताची लावणी अशीच होते. ज्याचं आधी संपलं तो दुसऱ्याच्या शेतात उतरतो. पैरा म्हणतात त्याला. कुणाला सांगावं लागत नाही.

पण कंपनीनं काम सुधारायला शहरातून हा नवा मॅनेजर आणला होता. त्यानं टोळ्यांची शर्यत लावली. जी टोळी मागं पडेल, तिच्यातल्या एकाच्या गळ्यात ‘कामचोर’ लिहिलेली पत्र्याची पाटी. दिवसभर ती घालूनच राबायचं, ती घालूनच भाकरी खायची. म्हणे लाजेनं माणूस जोरात काम करतो. आमच्यामुळं त्या दिवशी मागं कुणी उरलंच नाही. पाटीला गळा मिळाला नाही, म्हणून हा पिसाळला.

“मदत करायचा पगार देतो का तुला?” तो म्हणाला. मग काकांकडं वळला. काका म्हणजे माझ्या बापाचे धाकटे भाऊ, आमच्या टोळीचे मुकादम. “पाटी तूच घाल हिच्या गळ्यात. नाहीतर तुझी सगळी टोळी घरी.”

काका पाटी घेऊन माझ्यापुढं आले. 

“घाल गे बाय. आजचा दिवस. सगळ्यांच्या पोटाचा सवाल हाय.”

“न्हाई काका. आनि तुमी तर घालूच नकासा.”

मॅनेजरपेक्षा मला काकांचा राग जास्त आला. परक्यानं मारलं, ते एक वेळ सोसलं असतं. पण माझ्या गळ्यात फास घालायला त्यानं माझंच माणूस धाडलं. याला तो सुधारणा म्हणत होता.

मी पाटी हिसकावली, खडकावर टाकली, दगड फोडायचा घण उचलला आणि ठेचली. ठेचतच राहिले. मॅनेजरनं मागून झिंज्या धरल्या. मी घण घेऊन गर्रकन वळले. तो मागं सरकला आणि पुलाच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यात कोसळला. मी काठावर, घण डोक्याच्या वर. मारणारच होते, खोटं कशाला सांगू? त्या बाळंतिणीनं माझ्या कमरेला मिठी मारली, म्हणून तो वाचला.

आता आमची टोळी घरी आहे. कंपनीचा निरोप आलाय, सगळ्यांसमोर त्याचे पाय धर, मग सगळे कामावर. काका आमच्या ओट्यावर येऊन बसतात आणि तसेच उठून जातात. पाणवठ्यावर बायका तोंड फिरवतात. त्यांच्या घरची ओढाताण मला कळते. जीव तुटतो.

तरी पाय धरणार नाही. जोयड्याच्या पोलीस ठाण्यात फाटका ओठ दाखवून मी तक्रार दिली आहे. काका साक्षीला उभे राहिले नाहीत तर त्यांच्यावाचून लढेन. आणि पुन्हा कुणाचा हात माझ्या अंगावर आला, तर मला अडवायला कुणी येऊ नये.