मामाने बांधलेली भिंत

माझे बाबा दूधवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत कुणावरही विश्वास ठेवत नसत. मग बायकोच्या भावावर कुठून ठेवणार? नव्वदीच्या दशकात गंगापूर रोडमागच्या उतारावर आम्ही घर बांधलं. वरच्या प्लॉटची माती स्वयंपाकघरावर येऊ नये म्हणून मागे दगडी भिंत हवी होती. ते काम देवळा गावच्या माझ्या मामाने घेतलं. मामा ठेकेदारी करायचा आणि त्याने बांधलेली आमची पाण्याची टाकी लगेचच गळायला लागली होती. त्यामुळे बाबांचा संशय अगदीच हवेतला नव्हता.

भिंतीमागे भर पडायला लागली तसे बाबा खुर्ची टाकून बसले. मुरमात पाण्याने फुगणारी काळी माती मिसळतोय का, थर नीट ठोकतोय का, डोळ्यांत तेल घालून पहारा. मामा हसायचा. भिंतीला लागून त्याने दगडगोटे रचले, तळाशी आरपार पाइप ठेवले.

"दाजी, पावसात यातून पाणी येईल. त्याला वाट नाय दिली तर ते भिंतच ढकलंल."

मामा गावी गेला आणि बाबांना दगडांचे सांधे कच्चे वाटू लागले. दुसरा गवंडी आणून त्यांनी भिंतीला समोरून गिलावा करून घेतला.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं. आईने गॅस उचलून पुढच्या खोलीत नेला.

"पाइप नुसते दाखवायला होते. मागे काळी मातीच भरलीय तुझ्या भावानं," बाबा म्हणाले. "आता या घरात पाय ठेवायचा नाही त्याने." फोन लावून मामालाही त्यांनी तसंच सुनावलं. आईचे आईवडील कधीच गेले होते. मामा म्हणजेच तिचं माहेर. मीही बाबांचीच मुलगी, माझाही संशय मामावरच होता.

आईने खलातला बत्ता उचलला आणि भर पावसात भिंतीच्या पायथ्याशी जाऊन घाव घालायला लागली. पाइप कुठे होते ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याखाली ती अळू लावणार होती. गिलाव्याचा पापुद्रा फुटला आणि गढूळ पाण्याची धार थेट तिच्यामागे धावत आलेल्या बाबांच्या पायजम्यावर आली. बाबांच्या गिलाव्यानेच पाइपांची तोंडं बुजली होती. मला त्यांची लाज वाटली, आणि कीवही आली.

बाबांनी मामाला फोन केला. माफी काही तोंडातून निघाली नाही. "पाणी सुटलं," एवढंच म्हणाले.

भाऊबीजेला मामा आला, पण घरात न शिरता सरळ मागे गेला आणि एकेका पाइपात बोट घालून बघू लागला. आई तबक घेऊन दारात उभी.

"अरे, ये की आत. दिवा विझेल."

"येतो गं ताई. दाजींनी परत काय लिंपलं तर नाय ना, तेवढं बघतो."

तो हसत नव्हता. त्यानंतर दर भाऊबीजेला तो आला, आणि आधी भिंतीकडेच गेला. बाबा पेपरात तोंड घालून बसत. आई निरांजनात तूप जरा जास्तच घालून ठेवायची.