दहा पॉइंट तीन

आमच्या देगलूरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेचे मामा म्हणजे साऱ्या मराठवाड्यात पाण्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवणारा माणूस. हुद्द्याने शिपाई, पण मुलांना मापायला शिकवायचे तेच. आम्ही रसायनशास्त्राचे मास्तर फळ्यावर सूत्रं लिहून मोकळे. काचेच्या नळीत पाणी मधे खोलगट दिसतं. त्या खळग्याच्या तळाशी डोळा नेल्याशिवाय मामा कुणाला आकडा उच्चारू देत नसत. "खाली बसा. वरून बघितलं की पाणी लबाड बोलतंय," म्हणत आधी स्वतःच गुडघे टेकायचे. त्यांच्या पँटी नेहमी गुडघ्यावरच फाटायच्या. एकदा दूधवाल्याच्या मापापुढेही ते असेच बसले, तेव्हापासून तो त्यांच्या दारात थांबत नाही. नातवाचं खोकल्याचं औषध टोपणात मापायला घेतलं, की मापून होईपर्यंत पोरगं झोपून जायचं. या गुडघ्यांना मीही पुष्कळ हसलो आहे.

त्या वर्षी बारावीच्या प्रॅक्टिकलच्या तोंडावर मामा भाचीच्या लग्नाला उदगीरला गेले आणि द्रावण मला करावं लागलं. घाई होती. उभ्याउभ्याच चंबूच्या मानेवरच्या रेघेपर्यंत पाणी ओतलं. हिशेबाने मुलांच्या नळीत उत्तर दहा मिलिलिटर यायला हवं होतं, ते रीतीप्रमाणे मुलांच्या कानावर घातलं. सगळ्यांनी निमूट दहा लिहिलं. एका मुलीने मात्र तिन्ही वेळा दहा पॉइंट तीन लिहिलं. मी तिला सगळ्यांदेखत झापलं.

"सर, खाली बसून बघितलं मी. तेवढंच येऊन राहिलं," ती म्हणाली.

मी लाल पेनाने तिचे तीन गुण कापले.

मामा परत आले, उरलेलं द्रावण मापायला घेऊन गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. "पोरगी बरोबर हाय, सर. पाणी कमी पडलंय, म्हणून आकडा चढलाय. तुमी उभ्यानं भरलं का?"

मी मान डोलावली.

"मग तिचे मार्क?"

गुण वर पाठवून झाले होते. एक अर्ज केला असता तर दुरुस्तही झाले असते, पण त्यात माझी चूक माझ्याच सहीने लिहावी लागली असती. करतो म्हणालो. केला नाही. याची लाज मला अजून वाटते, आणि ती वाटून त्या मुलीचं काही भलं झालेलं नाही.

मामांनी उरलेलं द्रावण बाटलीत भरलं, चिठ्ठीवर 'दहा पॉइंट तीन' लिहिलं आणि बाटली खालच्या फळीवर ठेवून दिली. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. आता मुलांना मापायला मीच शिकवतो. उभं असताना ती बाटली दिसत नाही. गुडघे टेकून बसलो, की बरोबर डोळ्यांसमोर येते.