कृष्णेचं पाणी आणि वेणीमाधवांची फटफटी

आपल्या फटफटीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला वेणीमाधव गुरुजींना खपत नसे. काशीत संकठा घाटाजवळच्या गल्लीत त्यांच्या घरी महाराष्ट्रातले यजमान उतरायचे. श्राद्ध, अभिषेक, दर्शन, सगळं गुरुजीच करवायचे. पण संकल्प सांगताना लागायचा नाही एवढा आवाज त्यांना मेकॅनिकला शिव्या देताना लागायचा. "मिस्त्री कसले, सत्यानाशी!" असं म्हणत तीस वर्षं ते गाडी स्वतःच खोलत आले होते.

त्या दिवशी मात्र माती खाल्ली ती त्यांनीच.

वाईहून ऐंशी वर्षांच्या सीताकाकू आल्या होत्या. सोबत पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्ये कृष्णेचं पाणी. आपल्या नदीचं पाणी काशीच्या महादेवाला घालायचं, ही त्यांच्या गेलेल्या नवऱ्याची शेवटची इच्छा. काकूंना फार चालवत नव्हतं, म्हणून अकरा वाजता गुरुजी त्यांना फटफटीवरून चार गल्ल्यांपलीकडच्या शिवालयात नेणार होते. संध्याकाळी त्यांची परतीची रेल्वे. आणि गुरुजींनी जिन्याखालून पेट्रोलचा म्हणून उचलला तो नेमका काकूंचा कॅन! सर्दीने नाक चोंदलेलं, वासाचा पत्ताच नाही. टाकीत भडाभडा ओतलं. गाडी दोनदा खोकली आणि थंड पडली.

"अहो, हे काय केलंत!" जिन्याखाली बघून बायको पद्मा ओरडली. "पेट्रोल तर इथंच आहे!"

गुरुजींनी हातातला कॅन उजेडात धरला. कॅनच्या तळाशी जेमतेम दोन-तीन ओंजळी पाणी उरलं होतं.

आधी गाडी तरी चालू व्हायला हवी. पद्माने तुळशीपुढची उदबत्ती विझवली. गुरुजींनी पेट्रोलचा कॉक बंद केला, सीट काढली, टाकीचा मागचा बोल्ट सोडवला. मग पकडीने क्लिप दाबून रबरी नळी हळूहळू फिरवत ओढली. जुनी नळी ती, हिसका दिला की फाटलीच. नळी सुटल्यावर टाकी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी बादलीत पालथी केली. थोड्या वेळाने पेट्रोल वर आलं आणि काकूंची कृष्णा तळाला बसली. आता ती देवाच्या काय कामाची!

गंगा शंभर पावलांवर. कॅन भरून ठेवला, तर काकूंना काय कळणार? हा विचार मनात आला मात्र, गुरुजींना स्वतःचीच लाज वाटली. टाकी पुसून सुकवली, कार्ब्युरेटरमधलं पाणी काढलं, नळी परत चढवली आणि खरं पेट्रोल भरलं. मग काळ्या हातांनीच ते ओट्यावर ऊन खात बसलेल्या काकूंपुढे जाऊन उभे राहिले.

"काकू, तुमचं पाणी मी गाडीला पाजलं," ते म्हणाले. "एवढंच उरलंय. चूक माझी."

काकूंनी कॅन हलवून पाहिला. पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. रडवलं म्हाताऱ्या बाईला, गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि पदराआडून काकूंचं खदखदून हसणंच बाहेर पडलं!

"गुरुजी, येताना रेल्वेत झाकण निघालं हो! निम्म्याहून जास्त सांडलं. भुसावळला उतरून नळाचं भरून घेतलं मी. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. यांना काय तोंड दाखवू?"

"म्हणजे फटफटीने प्यायलं ते..."

"भुसावळचं!" काकू ठासून म्हणाल्या. "कृष्णा कशी जाईल टाकीत? ती कॅनमध्येच मागे थांबली. चला, उशीर होतोय."

फटफटी पहिल्याच किकला चालू झाली. काकू एका हाताने कॅन पोटाशी धरून मागे बसल्या आणि वाटभर हसत राहिल्या. गुरुजीही इतके हसले, की दोनदा हँडल डगमगलं.

शिवालयात काकूंनी कॅन उपडा केला, शेवटचा थेंब पडेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"घ्या," त्या आपल्या माणसाला म्हणाल्या, "पोचलं तुमचं पाणी."