बापूंच्या विहिरीतला दात

"दाताचं वय अपेक्षेच्या निम्म्यावर आलंय," मॅडम म्हणाल्या. "तिथे खोदायला नको."

मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख. दात बैलाचा. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला गंगाधरबापू विहीर खणत होते, तेव्हा वाळूच्या थरात सापडलेला. थर खूप जुना निघाला तर आम्ही तिथे उत्खनन करणार होतो. तोवर बापूंनी काम थांबवलं होतं. मेलेल्या बैलाच्या दातापायी विहीर अडवली, म्हणून गाव हसत होतं.

मी फोन केला. "बापू, दात तितका जुना नाही. काम सुरू करा."

"पक्कं ना सर?"

"पक्कं."

आमचं काम असं. जमिनीतल्या किरणोत्सारामुळे दाताच्या इनॅमलमध्ये इलेक्ट्रॉन अडकत जातात. इनॅमलची पूड चुंबकीय क्षेत्रात ठेवून मायक्रोवेव्ह सोडले की ते मोजता येतात. त्यावरून दाताला मिळालेला एकूण डोस कळतो. त्याला भोवतालच्या मातीतून वर्षाला मिळणाऱ्या डोसने भागलं की वय.

बापूंनी दातासोबत त्या थरातली मातीही पाठवली होती. महिन्याभराने मी त्यातली उरलेली माती भिंगाखाली धरली. त्यात लालसर खडे होते. पहिल्या वेळीही दिसले होते. मुरूम समजून सोडले होते. आता एक पाण्यात टाकला. विरघळला. मुरूम विरघळत नाही.

मी त्याच भागातला, सेनगावचा. वडिलांसोबत शेतात लाल पोटॅश खत हाताने फेकलेलं आहे. पोटॅशला स्वतःचा थोडा किरणोत्सार असतो. तो मी मातीचा म्हणून मोजला होता. वर्षाचा डोस फुगला, वय घटलं.

"बापू, माती कशात भरली होती?"

"खताच्या पोत्यात. काहून? झाडून घेतलं व्हतं की चांगलं."

आमच्याकडे तूर, भांडी, पाहुण्यांचे आंबे, सगळं खताच्या पोत्यातून जातं. हे मला माहीत होतं. पोतं मीच उघडलं होतं.

दोन दिवस मी गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं.

"विहीर?"

"बांधून झाली."

"आणि थर?"

"दगडांमागे."

"मग जा. माफी मागा. जमलं तर माती आणा, स्वतःच्या हाताने."

बापूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तीन दगड काढा. चौथ्याला हात लावला तर तुमालाच आत चिणतो."

त्या मातीवरून वय दुप्पट आलं. बाकीचा थर बांधकामामागेच राहिला. तो आता कोणी पाहणार नाही.

"म्हंजी जुनाच हाय ना?" बापूंनी विचारलं.

"जुनाच आहे."

"मंग टपरीवर येऊन सांगा. मी सांगितलं तर हासतेत."

गेलो. सांगितलं. बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "साहेब, जुना न्हाई, हे कोणी सांगितलं व्हतं?"

"मीच."

"मंग आमी कोणतं खरं धरावं?"

मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, पोत्यासकट. सुधारित रिपोर्टला एक पान लागलं होतं. टपरीवर दुपार गेली. चूक दुरुस्त करायला लागणारा वेळ मी आता पानांत नाही, अशा दुपारांत मोजतो.