चहा उकळेपर्यंत

वहिनींचं खरं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. बोलणं मोजकं, काम चोख. नवरा जाऊन वर्ष उलटलं, तरी शेडमधला त्यांचा जुना ट्रॅक्टर वहिनी रोज पुसत. सकाळी गॅसवर चहा ठेवला की बाहेर जाऊन तो चालू करत आणि चहा उतू जायच्या आत बंद करत. नवरा हयात असताना असंच इंजिन सुरू करून चहाला आत येई. तेवढ्या आवाजाने घर भरल्यासारखं वाटे.

एक दिवस वहिनींनी इंजिनातलं ऑइल तपासायची पट्टी ओढली, तर ती पांढुरकी दिसली. त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. ते नवऱ्याचे जुने दोस्त. जिभेला हाड नाही.

"वहिनी, हे ऑइल आहे की दुधाचा चहा? साखर घातलीत की मी घालू?"

वहिनी हसल्या नाहीत. मिस्त्री वरमले. त्यांनी रेडिएटर उघडून पाहिला; पाणी टिपूसभरही कमी नव्हतं.

"म्हणजे ऑइलमध्ये मिसळलंय ते पाणी रेडिएटरचं नाही. रोज किती वेळ चालवता?"

"चहा उकळेपर्यंत."

मिस्त्रींनी पट्टी पुसून परत घातली. "तिथेच घात झाला. इंजिन धड तापत नाही, मग आत दव धरतं आणि ऑइलमध्ये उतरतं. असंच चाललं तर इंजिन बसेल."

"म्हणजे मीच..."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?" मिस्त्री नजर चुकवून पाना शोधू लागले.

खालचा नट ढिला केल्यावर आधी पाणी आलं, मग गढूळ ऑइल. त्यांनी फिल्टर बदलला, नवं ऑइल भरलं.

"कानाकोपऱ्यात ओल आहेच अजून. दिवसभर नांगराला जुंपा. चांगलं तापलं की वाफ होऊन जाईल. नुसतं उभं ठेवून नाही जायची."

"चालवणार कोण?"

"तुमचे दीर आहेत की."

नवरा गेल्यापासून त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. वहिनीसुद्धा खाली उभं राहूनच किल्ली फिरवत. दिरांनी पूर्वी एकदा ट्रॅक्टर मागितला, तेव्हा वहिनींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. आता त्या बराच वेळ पदराने ट्रॅक्टरचा दिवा पुसत राहिल्या.

"बोलवा भाऊजींना," शेवटी म्हणाल्या.

दीर आले, अवघडून सीटवर बसले. "वहिनी, सीट जरा मागे घेऊ? पाय अडतात."

"घ्या."

सीट गंजून घट्ट बसली होती. मिस्त्रींनी हातोडा उचलला. पहिल्या घावालाच वहिनी आत निघून गेल्या.

दिवसभर शेतातून आवाज येत राहिला, ओझं ओढणारा, भरदार. नवरा शेतात राबत असे तेव्हाचा. संध्याकाळी तो घराकडे वळला, तशी वहिनींनी, पूर्वी नवऱ्यासाठी ठेवत त्या सवयीने, अंघोळीचं पाणी तापत ठेवलं.

"वहिनी, बघा, मधासारखं झालं!" दिरांनी दारातून पट्टी दाखवली. "येतो. ही वाट बघत असेल."

वहिनींनी मान डोलावली. न्हाणीघरात बादली भरून ठेवली होती. दार लावून त्या तिच्याजवळ बसल्या. वाफ येईनाशी झाली, तरी उठल्या नाहीत.

सकाळी त्यांनी चहा ठेवला. बाहेर मात्र गेल्या नाहीत.