कांडवेलीला आवतन

मोडलेल्या हाडापुढं जराही घाई न करणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. मेहकरजवळ त्यांचं शेत. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीवर कांडवेल चढलेली. चौधारी, रसाळ, गाठीगाठीची. सारं रान वाळलं तरी ही हिरवीगार. मावशी तिचा रस पापडाच्या पिठात घाली, चिंच टाकून चटणी करी. चिंच कशाला, हे मी एकदा कच्चं कांड चावून शिकलो. तासभर जीभ खाजत होती आणि घरात शांतता होती. मावसाजींना मात्र वेल लागायची ती हाडं बसवायला. ठेचून, तिळाच्या तेलात परतून लेप लावायचे, वरून बांबूच्या कामट्या बांधायचे. माणूस असो की बकरी, हात तेवढाच हलका.

अट एकच. तोडायच्या आदल्या संध्याकाळी वेलीला आवतन द्यायचं. अक्षता वाहायच्या, टोपी काढायची, रोग्याचं नाव-गाव सांगायचं आणि "उद्या सकाळी न्यायले येतो" म्हणायचं. तोवर रोग्यानं नुसत्या कामट्या बांधून कण्हत पडायचं. सुलतानपूरचा एक जण एकदा चिडला, "झाडाले काय इचारायचं, बुवा?" मावसाजी शांतपणे म्हणाले, "लग्नाचं आवतन नाही भेटलं तं तू सहा महिने बोलत नाही. हे तं आपलं अंग तोडून देते."

नवं मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मेहकरच्या शाळेत नुकताच विज्ञानाचा मास्तर झालो होतो, त्यामुळं मला सगळंच कळत होतं. त्या दिवसांत मावसाजी बैलबंडीवरून पडले आणि त्यांचाच पाय मोडला. म्हणाले, "मास्तर, आता तूच जाय. माहं नाव सांगजो तिले." मी अक्षता घेऊन धुऱ्यावर गेलो. शेजारच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाया हात थांबवून बघू लागल्या. मी अक्षता गुपचूप खिशात टाकल्या आणि परतलो. सकाळी जाऊन वेल तेवढी तोडून आणली.

"आवतन देल्लं व्हतं ना बे?"

"हाव."

"काय म्हनली?"

"या म्हणाली."

समाधानानं हसून त्यांनी स्वतःच्या हातानं पाय बांधला.

हाड जुळलं, पण जरा तिरपं. आपला पाय आपणच बांधल्यावर असंच व्हायचं, असं लोक म्हणाले. माझं विज्ञानही तेच म्हणतं. मावसाजी मात्र म्हणत, "तिचा कसूर नाही. माह्याकडूनच काही चुकलं असन." मग रोज संध्याकाळी लंगडत धुऱ्यावर जायचे आणि टोपी काढून उभे राहायचे. माझ्या वाटची माफी ते मागत होते, आणि मी काही बोललो नाही. ते गेले तोवर नाहीच बोललो.

परवा शेतात गेलो होतो. वेल आता बाभळीच्या शेंड्यावर पोचली आहे. अक्षता वाहिल्या. टोपी मी घालत नाही, म्हणून चष्मा काढला. आधी त्यांचं नाव सांगितलं, मग माझं. चष्म्याशिवाय समोरचं नीट दिसत नव्हतं, तेवढं बरं होतं.